याहू ग्रुप्स ते व्हॉट्सॲप : मराठी चर्चागट कसे ओसरले आणि त्यांच्याबरोबर काय गेलं

याहू कंपनीने ‘याहू ग्रुप्स’ ही आपली सेवा १५ डिसेंबर २०२० रोजी कायमची बंद केली. त्याआधी वर्षभर ती आचके देतच होती. ऑक्टोबर २०१९ मध्ये कंपनीने जाहीर केलं की २८ ऑक्टोबरपासून ग्रुपच्या पानावर नवीन काही चढवता येणार नाही आणि १४ डिसेंबरपासून जुनं सगळं पुसलं जाईल. जगभरातून आरडाओरडा झाला तेव्हा आपापला मजकूर उतरवून घ्यायला जानेवारी २०२० अखेरपर्यंत मुदत वाढवून दिली, इतकंच. ‘आर्काइव्ह टीम’ नावाच्या स्वयंसेवकांच्या गटाने जमेल तेवढं वाचवायचा प्रयत्न केला, तर त्यांची बरीचशी खातीच बंद करण्यात आली. जवळपास वीस वर्षांचा पत्रव्यवहार असा गेला. त्यात मराठी गटही होते. परदेशातल्या महाराष्ट्र मंडळांचे, कवितांचे, गझलांचे, एकाच गावातून बाहेर पडलेल्यांचे, एकाच कॉलेजच्या बॅचचे.

हा विषय निघाला की हमखास ऐकू येणारं वाक्य म्हणजे, ‘त्यात काय, सगळे व्हॉट्सॲपवर आलेच की!’ माणसं आली, हे खरं. पण आधी लिहिलेलं त्यांच्याबरोबर आलं नाही. आणि ज्या जागी माणसं आली तिथे लिहिलेलं टिकायची सोयच नाही. पुण्या-मुंबईच्या माणसाला याचं फार वाटणार नाही. त्याच्याकडे ग्रंथालयं आहेत, वर्तमानपत्रं आहेत, शेजारी मराठी आहे. बेळगाव, बडोदा, इंदूर, ग्वाल्हेर, हैदराबादच्या मराठी माणसाचं तसं नाही. म्हणून हे चर्चागट काय होते, कसे चालायचे आणि का ओसरले, हे एकदा नीट मांडून ठेवलेलं बरं.

सुरुवात भारताबाहेर

संगणकावरच्या सार्वजनिक गप्पांचं मूळ ‘यूजनेट’मध्ये आहे. अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठातले टॉम ट्रस्कॉट आणि जिम एलिस या दोन विद्यार्थ्यांना १९७९ मध्ये ही कल्पना सुचली आणि १९८० मध्ये ती चालू झाली. विषयवार गट असायचे. एका संगणकावर लिहिलेलं पत्र तिथून दुसऱ्या, दुसऱ्यावरून तिसऱ्या संगणकावर पोचायचं आणि प्रत्येक ठिकाणी त्याची एक प्रत राहायची. ही ‘प्रत्येक ठिकाणी प्रत’ची गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

याच यूजनेटवर ‘सॉक डॉट कल्चर डॉट इंडियन डॉट मराठी’ नावाचा गट होता. भारतात सामान्य माणसाला इंटरनेट मिळालं ते विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ ला सेवा सुरू केल्यावर. त्यामुळे सुरुवातीचं मराठी लेखन केलं ते मुख्यतः अमेरिकेत शिकायला आणि नोकरीला गेलेल्यांनी, आणि तेही रोमन लिपीत. १९९४ मध्ये बॉस्टनमध्ये राहणाऱ्या हर्मन कार्नेरो या गोवेकर तरुणाने ‘गोवानेट’ हा ईमेल गट सुरू केला. त्याची भाषा मुख्यतः इंग्रजी, पण जगभर पसरलेल्या गोवेकरांना एका ओट्यावर बसवायचं काम त्याने केलं. गाव सोडलेल्या माणसालाच गावाच्या गप्पांची जास्त भूक असते, हे तेव्हापासूनचं.

यूजनेटवरचा एक किस्सा सांगायलाच हवा, कारण पुढे जे झालं त्याचं बीज तिथे आहे. दर सप्टेंबरला अमेरिकन विद्यापीठांत नवीन पोरं दाखल व्हायची, त्यांना यूजनेट मिळायचं आणि महिनाभर ती वाटेल तिथे वाटेल ते लिहायची. जुनी मंडळी त्यांना रीतभात शिकवायची, की महिन्याभरात सगळं सुरळीत. १९९३ नंतर मात्र ‘एओएल’सारख्या कंपन्यांनी घरोघरच्या ग्राहकांना यूजनेट उघडून दिलं आणि नवख्यांचा लोंढा थांबेचना. जुन्यांनी त्याला नाव दिलं ‘न संपणारा सप्टेंबर’. गट टिकतो तो येणाऱ्याला सामावून घ्यायच्या ताकदीवर. ती ताकद संपली की गर्दी राहते, गट राहत नाही.

मराठीतली चर्चास्थळं

मराठीपुरतं बोलायचं तर मोठा टप्पा म्हणजे ‘मायबोली’. १९९६ च्या गणेश चतुर्थीला अजय गल्लेवाले यांनी अमेरिकेतून ती सुरू केली. तिथल्या चर्चाविभागाचं नाव ‘हितगुज’. दरवर्षी ऑनलाइन गणेशोत्सव आणि दिवाळी अंक हे तिचं वेगळेपण. २००४ मध्ये ‘मनोगत’ आलं. तिथे शुद्धलेखनाचा कटाक्ष होता आणि लिहिलेलं तपासून देणारा ‘शुद्धिचिकित्सक’ही होता. २००७ मध्ये तात्या अभ्यंकरांचं ‘मिसळपाव’ सुरू झालं, जरा मोकळंढाकळं, नावाला साजेसं. त्याच वर्षी माहितीपर चर्चेवर भर देणारं ‘उपक्रम’ आलं आणि २०११ मध्ये ‘ऐसी अक्षरे’. या सगळ्यांच्या जोडीला याहू ग्रुप्स होतेच. ‘ईग्रुप्स’ ही कंपनी २००० मध्ये विकत घेऊन याहूने ते उभे केले होते.

लिपीचा प्रश्न यात फार मोठा होता, आणि आज तो कुणाच्या खिजगणतीतही नाही. सुरुवातीला शिवाजी, शुषा असे फॉन्ट लागायचे. तो फॉन्ट तुमच्या संगणकात नसेल तर पानावर मराठीऐवजी इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसायची. सायबर कॅफेत तासाच्या भाड्यावर बसायचं आणि आधी फॉन्ट उतरवायचा, त्यातच निम्मा वेळ जायचा. युनिकोड आल्यावर हे दुखणं गेलं. टंकनासाठी अनेकांनी ‘बरह’ वापरलं, तर बऱ्याच मराठी स्थळांवर ‘गमभन’ ही सोय बसवलेली असायची. आता गंमत बघा. ‘बरह’ हा कानडी शब्द, अर्थ ‘लिखाण’. शेषाद्रिवासू यांनी १९९८ मध्ये मुळात कन्नडसाठी केलेली ही प्रणाली पुढे देवनागरीही लिहू लागली. इकडे पाट्यांच्या भाषेवरून रस्त्यावर वाद, आणि तिकडे मराठी लेख कानडी माणसाच्या सॉफ्टवेअरवर टंकले जात होते. त्यात कुणाला काही वावगं वाटलं नाही, हे बरंच झालं.

धागा, प्रतिसाद आणि खतावणी

ज्यांनी ही स्थळं कधी पाहिली नाहीत त्यांच्यासाठी थोडं सविस्तर. सभासद व्हायचं, एक सदस्यनाम घ्यायचं. ते खरं नाव असायलाच पाहिजे असं नाही, किंबहुना बहुतेकांचं नसायचंच. त्याला ‘आयडी’ म्हणायचे. कुणी लेख किंवा प्रश्न टाकला की तो झाला ‘धागा’. मायबोलीवर जुने लोक त्याला ‘बाफ’ म्हणायचे, म्हणजे बातमीफलक. त्याखाली येणारे ते ‘प्रतिसाद’. शंभर प्रतिसाद झाले की धाग्याचं शतक. खासगीत कळवायचं तर ‘व्यनि’, म्हणजे व्यक्तिगत निरोप. मायबोलीवर ‘विपू’ म्हणजे विचारपूस, मिसळपाववर ‘खरडवही’. लेख आवडला तर ‘पुलेशु’, पुढील लेखनास शुभेच्छा. कथा अर्धवट ठेवली तर ‘पुभाप्र’, पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत. हसू आवरेना तर ‘हहपुवा’. विषय सोडून लिहायचं असेल तर आधी ‘अवांतर’ असं लिहून मग लिहायची रीत होती. उगाच लेखामागून लेख टाकणारा ‘जिलब्या पाडतो’, आणि एकच माणूस दोन नावांनी वावरत असेल तर त्याची दुसरी ओळख म्हणजे ‘डु-आयडी’. नुसतं वाचून निघून जाणारे ‘वाचनमात्र’. प्रत्यक्ष भेटायचं ठरलं की मिसळपाववाल्यांचा ‘कट्टा’ आणि मायबोलीकरांचं ‘गटग’.

वाचायला हे गमतीचं वाटतं. पण नीट पाहिलं तर ही रीतभातच आहे. अवांतर आहे हे सांगून लिहिणं म्हणजे दुसऱ्याच्या बैठकीत बोलताना परवानगी घेणं. अशी बोली तयार व्हायला वर्षं लागतात आणि ती कुणी वरून लादत नाही.

आता मुख्य मुद्दा. दुकानाचा हिशेब ज्याने लिहिलाय त्याला हा लगेच कळेल. रोजचा व्यवहार आधी कीर्दीत चढतो, ज्या क्रमाने घडला त्या क्रमाने. पण अमक्या गिऱ्हाइकाकडे किती येणं आहे, हे कीर्द चाळून कळत नाही. त्यासाठी प्रत्येक नोंद खतावणीत ज्याच्या त्याच्या खात्यावर खतवावी लागते. जुन्या चर्चास्थळांत प्रत्येक धागा म्हणजे एक खातं होतं. २००८ साली विचारलेल्या प्रश्नाला २०१२ मध्ये कुणी उत्तर दिलं तरी ते त्याच खात्यावर जमा व्हायचं, धागा परत वर यायचा, आणि ते वाचून तिसऱ्याला काही आठवायचं. व्हॉट्सॲपचा ग्रुप ही नुसती कीर्द आहे. सुप्रभात, निधनवार्ता, कुणाचा वाढदिवस, बाजारभाव, परत सुप्रभात. सगळं एकाखाली एक. खतावणी नाहीच. ज्याला काही शोधायचंय त्याने वर सरकवत बसावं.

समजा, एखाद्याने मांडे कसे करायचे असं विचारलं. आमच्याकडे लग्नाच्या जेवणात मांडे म्हणजे मानाचं पान, आणि ते घरी करणारे हात कमी होत चाललेले. चर्चास्थळावर पहिला प्रतिसाद यायचा ‘विकत मिळतात की’. दुसरा ‘माझी आजी खापरावर करायची’. तिसरा कणीक किती वेळ तिंबायची ते सांगणार, चौथा त्याला चूक ठरवणार, पाचवा म्हणणार की आमच्याकडे सारणात पिठीसाखरेबरोबर खसखसही घालतात. दहाव्या प्रतिसादापर्यंत चार घरांच्या चार रीती नोंदल्या गेलेल्या असायच्या, आणि त्या कुणालाही गूगलवर सापडायच्या. तोच प्रश्न आज फॅमिली ग्रुपवर विचारा. दहा मिनिटांत एक व्हिडिओ येईल, दोन अंगठे येतील आणि विषय संपेल. पुढच्या वर्षी दुसऱ्या कुणाला तोच प्रश्न पडला तर परत पहिल्यापासून.

महाराष्ट्राबाहेरच्या माणसाला काय मिळालं

बडोद्याचा मराठी माणूस गुजराती वळणाचं मराठी बोलतो. इंदूर-ग्वाल्हेरकडे हिंदी मिसळते, हैदराबादला दख्खनी आणि तेलुगू, आमच्या बेळगावात कानडी. महाराष्ट्रातला पाहुणा आला की पहिल्या दोन वाक्यांत ‘तुम्ही इकडचे का?’ असं विचारतो. चर्चास्थळावर ही ओळख आधी लपलेली असायची. लेख चांगला तर प्रतिसाद चांगले. लिहिणारा टिळकवाडीतला आहे की टिळक रोडवरचा, हे दहा लेखांनंतर कळायचं. आपल्या गावात मराठी मासिकं वेळेवर येत नाहीत आणि मराठी पुस्तकांचं दुकान एखाददुसरंच, अशा ठिकाणी बसलेल्या माणसाला न्यू जर्सी, दुबई, पुणे आणि नांदेडचा वाचक एकाच वेळी मिळत होता, तोही फुकट.

शिवाय आपली भाषा ही नुसती ‘अशुद्ध’ नसून तिला स्वतःचे शब्द आहेत, हे बऱ्याच जणांना अशा धाग्यांतूनच कळलं. तुमच्याकडे याला काय म्हणतात, या एका प्रश्नावर किती रान उठायचं! भाजीची नावं, भांड्यांची नावं, नात्यांची नावं, लहानपणचे खेळ. कोकणातला एक सांगतो, खानदेशातला दुसरं, बेळगावचा तिसरं, आणि गोव्याचा माणूस येऊन म्हणतो ते तर आमचं कोंकणी आहे, की झाला पुढचा वाद सुरू. भाषेच्या अभ्यासकाने गावोगाव फिरून गोळा करावा असा ऐवज लोक आपण होऊन लिहून ठेवत होते.

पण उगाच सोन्याचा मुलामा द्यायलाही नको. या स्थळांवर कंपू होते, आणि ते चांगलेच घट्ट होते. नवीन माणसाने पहिला लेख टाकला आणि त्यात ऱ्हस्व-दीर्घ चुकलं, तर मजकूर बाजूला राहून व्याकरणाची शाळा भरायची. पुणेरी मराठी हीच मराठी, असा सूर अनेकदा असायचा आणि बाहेरच्या राज्यांतल्यांना तो बोचायचा. जातीवरून, राजकारणावरून पेटलेले धागे संपादकांना रातोरात बंद करावे लागायचे. सीमाप्रश्न निघाला की काहींच्या लेखी आम्ही फक्त ‘सीमावासीय’, वर्षातून एकदा आठवण काढायची गोष्ट. टोपणनावाच्या आडून केलेली टिंगल तर किती जणांना कायमची घरी बसवून गेली. हेही त्याच खात्यावर लिहायला हवं.

ओसरले कसे

एकदम काही झालं नाही. आधी ऑर्कुट आलं, जानेवारी २००४ मध्ये. गूगलमधल्या ऑर्कुट ब्युक्कोक्तेन या अभियंत्याच्या नावावरून त्याचं नाव पडलं, आणि ते सगळ्यात गाजलं ब्राझीलमध्ये आणि आपल्याकडे. ऑर्कुटच्या ‘कम्युनिटी’ म्हणजे खरं तर चर्चागटच होते. धागे होते, शोधता येत होतं. फरक इतकाच की आता टोपणनावामागे फोटो आला, मित्रांची यादी आली, ‘स्क्रॅप’ आले. गावाचा ग्रुप, शाळेचा ग्रुप, अमक्या गल्लीचा ग्रुप. विषयाभोवती जमणारी माणसं ओळखीभोवती जमू लागली ती इथपासून.

फेसबुक सप्टेंबर २००६ मध्ये सगळ्यांसाठी खुलं झालं आणि चार-पाच वर्षांत ऑर्कुट रिकामं पडलं. ३० सप्टेंबर २०१४ ला गूगलने ते बंद केलं. कम्युनिटींचा जुना मजकूर काही काळ नुसता वाचायला ठेवला होता, नंतर तोही काढला. फेसबुकवर ग्रुप आहेत, पण तिथे काय वर दिसायचं ते यंत्र ठरवतं. जुन्या स्थळांवर ताजा प्रतिसाद आला की धागा वर, हा नियम सगळ्यांना माहीत होता आणि सगळ्यांना सारखा होता. फेसबुकवर आठ दिवसांपूर्वीची पोस्ट शोधणं म्हणजे जत्रेत पोर शोधण्यासारखं.

मग मोबाइल. फोनवर लांब लेख वाचता येतो, पण लिहायला कंटाळा येतो. २००९ मध्ये निघालेलं व्हॉट्सॲप २०१४ मध्ये फेसबुकने १९ अब्ज डॉलरला घेत असल्याचं जाहीर केलं. ५ सप्टेंबर २०१६ ला जिओ आलं आणि डेटा मातीमोल झाला. व्हॉट्सॲप ग्रुपची मर्यादा एकेकाळी १०० सभासदांची होती, ती २०१६ मध्ये २५६ झाली, २०२२ मध्ये आधी ५१२ आणि मग १०२४. घरातला, सोसायटीतला, समाजाचा, मंडळाचा, असे दहा ग्रुप प्रत्येकाच्या फोनात आले. दिवसाचे तास तेवढेच राहिले.

यात एक हिशेब आहे. याकोब नील्सन या अभ्यासकाने २००६ मध्ये मांडलं होतं की अशा कुठल्याही गटात साधारण ९० टक्के लोक नुसते वाचतात, ९ टक्के अधूनमधून लिहितात आणि १ टक्का माणसं बहुतेक सगळं लिहितात. हे ढोबळ प्रमाण आहे, पण आपल्या मंडळांचा कारभार बघितला तरी पटतं. म्हणजे हजार सभासदांचं स्थळ दहा जणांच्या जिवावर चालतं. हे दहा जण फेसबुकवर गेले, कारण तिथे लेख टाकल्याबरोबर दोनशे ‘लाइक’ दिसतात, की उरलेल्या नव्वद टक्क्यांना वाचायला काही राहत नाही. ते भांडून जात नाहीत. नुसते यायचे थांबतात. सभासदसंख्येचा आकडा तसाच राहतो आणि आत शुकशुकाट.

खर्चाची बाजूही आहे, तिकडे सहसा कुणाचं लक्ष जात नाही. मायबोली, मिसळपाव ही स्थळं ‘ड्रुपल’ या मोफत मिळणाऱ्या प्रणालीवर उभी राहिली. प्रणाली मोफत असली तरी सर्व्हरचं भाडं, नावाचं नूतनीकरण, कचरा-जाहिराती टाकणाऱ्या यंत्रांना अडवणं, जुनी आवृत्ती बाद झाली की हजारो धागे नव्या आवृत्तीत नेणं, हे कुणीतरी नोकरी सांभाळून रात्री जागून करायचं असतं. ड्रुपलच्या सातव्या आवृत्तीची अधिकृत देखभाल ५ जानेवारी २०२५ ला थांबली. पदरमोड करणाऱ्याचं वय वाढतं, पुढचा कोण हा प्रश्न येतो. आपल्या वाचनालयांत, नाट्यमंडळांत हेच होतं की नाही?

आणि कायदा. नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतरच्या बंदबद्दल फेसबुकवर लिहिलं म्हणून पालघरच्या दोन तरुणींना अटक झाली. माहिती तंत्रज्ञान कायद्यातलं ते ६६ अ कलम सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ ला रद्द केलं. पण मधल्या काळात संपादक मंडळं धास्तावली ती धास्तावलीच. २०११ च्या नियमांत तक्रार आल्यावर ३६ तासांत कारवाईची अट होती, २०२१ च्या नियमांनी तक्रार अधिकारी नेमणं आणि मुदतीत निकाल देणं आलं. मोठ्या कंपनीकडे वकिलांची फौज असते. हौशी स्थळाकडे एक माणूस असतो आणि तो झोपलेला असतो. व्हॉट्सॲपच्या ॲडमिनला तरी मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये दिलासा दिला, की सभासदाच्या आक्षेपार्ह पोस्टसाठी नुसता ॲडमिन आहे म्हणून त्याला दोषी धरता येणार नाही.

व्हॉट्सॲपची बाजू

व्हॉट्सॲपने काही दिलंच नाही असं म्हणणं अन्याय होईल. चर्चास्थळांवर लिहिणारे बहुतेक संगणकावर नोकरी करणारे होते. टंकता न येणारी आजी, शेतावरचा माणूस, कन्नड माध्यमात शिकलेली पण घरी मराठी बोलणारी पोरं, हे तिथे कधी दिसलेच नाहीत. ते आज आवाजी संदेश पाठवतात, आणि त्यात खानापूरकडची मराठी जशीच्या तशी ऐकू येते. मोर्चाची वेळ, रक्ताची गरज, बस बंद असल्याची खबर, यासाठी व्हॉट्सॲपच पाहिजे.

तक्रार वेगळी आहे. तिथलं बोलणं भिंतीआड आहे. गूगलला ते दिसत नाही, नवीन आलेल्या सभासदाला मागच्या पाच वर्षांत काय झालं ते वाचता येत नाही, फोन हरवला किंवा बदलताना बॅकअप राहिला की आपल्याकडचंही गेलं. दुसरं म्हणजे हे ग्रुप नात्याचे, गल्लीचे, जातीचे, पक्षाचे आहेत. इंदूरच्या अनोळखी मराठी माणसाशी बेळगावच्या माणसाचं वाजायची किंवा जुळायची जागा राहिलेली नाही. एकाच ग्रुपमध्ये सगळे एकाच मताचे असले की मग चर्चा कसली, नुसता होकार.

काय उरलंय

मायबोली आणि मिसळपाव आजही चालू आहेत, जुने धागे वाचता येतात. मराठी विकिपीडिया १ मे २००३ पासून आहे आणि तिथे संपादकांच्या चर्चेच्या पानाचं नाव ‘चावडी’ आहे. प्रत्येक लेखामागेही चर्चेचं पान असतं, ते फार थोड्यांना माहीत आहे. आपल्या तालुक्यावरचा लेख उघडून त्याचं चर्चापान एकदा बघा.

यूजनेटचं काय झालं तेही सांगतो. ड्यूक विद्यापीठाने आपला यूजनेट सर्व्हर २०१० मध्ये बंद केला. गूगलने २२ फेब्रुवारी २०२४ पासून तिथे नवीन लेखन दाखवणं थांबवलं. तरीही यूजनेटवरची १९८१ सालची पत्रं आजही वाचायला मिळतात, आणि याहूवरची २००५ सालची बरीचशी मिळत नाहीत. कारण तेच, वर म्हटलेलं. यूजनेटच्या प्रती अनेक ठिकाणी होत्या, याहूची तिजोरी एकच होती आणि किल्ली कंपनीकडे.

आपल्याकडे काही असेल तर

याहू ग्रुप्सचं पान गेलं तरी त्यातली पत्रं ईमेलने घरोघर जायची. त्या काळातला ईमेल पत्ता अजून चालू असेल, किंवा जुन्या संगणकात ‘आउटलुक एक्स्प्रेस’ची फाइल पडून असेल, तर ग्रुपचं नाव टाकून शोधा. दोन-तीन सभासदांकडचं एकत्र केलं तर बरंच काही परत उभं राहतं. ते मिळालं तर दोन वेगळ्या ठिकाणी प्रत ठेवा.

जुनं संकेतस्थळ अजून उघडत असेल तर ‘इंटरनेट आर्काइव्ह’च्या ‘वेबॅक मशीन’वर त्या पानाचा पत्ता टाकून ते जतन करता येतं, पैसे लागत नाहीत. फक्त सभासदांनाच दिसणारी पानं मात्र त्यात येत नाहीत, ती हातानेच उतरवावी लागतात. जतन केलेलं पान शिवाजी किंवा शुषा फॉन्टमधलं असेल तर मजकूर युनिकोडमध्ये बदलून घ्यावा, नाहीतर पुढच्या पिढीला ती इंग्रजी खिचडीच दिसेल. बदलून देणाऱ्या मोफत सोयी मिळतात, पण जोडाक्षरं आणि रफार एकदा डोळ्यांखालून घालावे लागतात.

व्हॉट्सॲप ग्रुपच्या सेटिंगमध्ये ‘एक्स्पोर्ट चॅट’ असतं. त्यातून फोटोंशिवाय सुमारे ४०,००० आणि फोटोंसह सुमारे १०,००० संदेश एका फाइलमध्ये बाहेर काढता येतात. २०२५ पासून ‘ॲडव्हान्स्ड चॅट प्रायव्हसी’ नावाचं बटण आलंय. ते चालू असेल तर एक्स्पोर्ट होत नाही, तेव्हा आधी ॲडमिनला विचारा. आणि बाहेर काढलेली फाइल कुठे टाकण्याआधी ग्रुपमधल्यांची परवानगी घ्या, कारण त्यात सगळ्यांची नावं किंवा नंबर असतात.

मंडळाचा, वाचनालयाचा किंवा शाळेच्या माजी विद्यार्थ्यांचा ग्रुप असेल तर महिन्यातून एकदा कुणीतरी बसून त्यातलं कामाचं तेवढं वेगळ्या फाइलमध्ये विषयवार उतरवून काढावं. पाककृती एका जागी, जुने फोटो आणि त्यातल्या माणसांची नावं एका जागी, गावाच्या आठवणी एका जागी. नाव, तारीख आणि कुणी सांगितलं एवढं लिहिलं तरी पुरे.